झाकणाला दोनच स्क्रू

सातपूर, अंबड किंवा ओझरच्या कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या नाशिककराच्या घरी जुना ॲम्प्लिफायर असेल, तर आधी त्याचं झाकण पाहावं. भोकं आठ आणि स्क्रू दोन, तेही नखाने सुटतील इतपतच पिळलेले. बाकीचे सहा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. सिंहस्थ निदान बारा वर्षांनी तरी येतो. हे झाकण आठही स्क्रूंनिशी बंद होण्याचा योग कुठल्याच पंचांगात नाही. घरची मंडळी याचा अर्थ ‘यांना ते जमत नाही’ असा लावतात. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. या गृहस्थांना गाणं नको असतं, कारण हवं असतं. आणि कारणाच्या शोधात असलेल्या माणसाने झाकण लावून कसं चालेल?

पहिला पुरावा त्यांच्या ऐकण्याचाच घ्या. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला तासभर कान लावून बसणारा दुसरा श्रोता त्रिभुवनात सापडणार नाही. भीमसेनांची तान सगळेच ऐकतात. हे ऐकतात तो मागचा ‘हम’. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचं डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून उरणारी लहर १०० हर्ट्झची होते. ती गाळण्याचं काम मोठ्या कॅपॅसिटरचं. त्याच्या पोटातला ओला कागद उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. कागद सुकला की गाळणं फाटतं आणि पांढरी पाचच्या किंचित वर एक अखंड सूर घुमू लागतो. तोच सूर सप्तकभर खाली घुमला, तर संशय अर्थिंगवर किंवा बाहेरून येणाऱ्या वायरवर. म्हणजे ज्यांनी जन्मात हार्मोनियमला हात लावला नाही, ते केवळ सप्तकावरून गुन्हेगार ओळखतात. एवढी तालीम झालेल्या कानाला बेसूर म्हणणं धाडसाचं आहे.

दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. बळी आणि गुन्हेगार यांत ते कधी गल्लत करत नाहीत. फ्यूज उडाला की सामान्य माणूस नवा टाकतो. तोही उडाला की जाड तार गुंडाळतो आणि पुढचं देवावर सोपवतो. यांच्या लेखी फ्यूज हा बिचारा साक्षीदार. त्याच्यामागे ‘टूएन ३०५५’सारखा एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला सापडतो, पण तोही बळीच. कधी त्याच्याखालचा अभ्रकाचा पातळ तुकडा चिरलेला असतो, तर कधी बायस ठरवणाऱ्या चिमुकल्या प्रीसेटचा संपर्क धुळीने सुटलेला असतो. अनेक सर्किटांत तेवढ्याने करंट बेसुमार वाढतो. नुसता ट्रान्झिस्टर बदलला, तर तोही धारातीर्थी पडतो. म्हणून ते आधी मेनच्या वाटेवर १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावतात. क्षणभर पेटून मंदावला तर जिवाला धोका नाही. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने तो झटका स्वतःवर घेतला आहे. वायर काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज दबा धरून असते, म्हणून आधी तो रिकामा करायचा आणि मगच हात घालायचा. नवी योजना आणण्याआधी एवढी सावधगिरी किती संस्था पाळतात?

यावर आक्षेप येतात. पहिला, हा सगळा चिक्कूपणा आहे. पण चिक्कू माणसाने ते धूड केव्हाच भंगारात वजनावर दिलं असतं. हे काही रुपड्यांच्या कॅपॅसिटरसाठी सिडकोतून एम. जी. रोडला तीनदा स्कूटर काढतात, आणि एक लागत असताना दोन आणतात. दुसरा आक्षेप, हे गतकाळाचं वेड. पण वेड्याने ते फडक्याने पुसून शोकेसमध्ये ठेवलं असतं. इथे तर आतडी बाहेर काढून टेबलावर मांडलेली असतात. तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: नवा ब्लूटूथ स्पीकर आणा, आवाज बरा, कटकट नाही. आवाज बरा असेलही. पण तशी पुष्कळशी खोकी डिंकाने चिकटवलेली असतात. बिघडली की ‘बिघडलं’ एवढंच कळतं, ‘का’ ते कळत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. या गृहस्थांनी तो हक्क त्याआधी कितीतरी वर्षं स्क्रू-ड्रायव्हरने बजावला होता.

एक तक्रार मात्र मान्य करावीच लागेल. ही शिस्त ॲम्प्लिफायरपुरती राहत नाही. चहा पानचट झाला तर ‘कालपासून काय बदललं?’ अशी चौकशी सुरू होते, आणि साखर व पावडर एकाच दिवशी वाढवायची मनाई होते. एका वेळी एकच बदल, नाहीतर कारण कळणार कसं? सुनेने हे किती सोसावं? पण हीच तक्रार माझ्या बाजूची आहे. ॲम्प्लिफायर उघडा असतो तोवर स्वयंपाकघर सुरक्षित असतं; तो बरा झाला की नजर फ्रिजकडे वळते. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत श्रीखंडाचा तो डबा कुणी फेकू नये, आणि त्यातले सहा स्क्रू कुणी आपणहून लावायलाही जाऊ नये.