झपाटणारा आला, झपाटलेला कुठाय?

ज्या भाषेत ‘तात्या’ म्हटलं की धोतर, अडकित्ता आणि झोपाळ्यावरची दुपारची डुलकी डोळ्यांसमोर येते, त्या भाषेत एका खुनी बाहुल्याचं नाव ‘तात्या विंचू’ ठेवणं हाच मुळात अर्धा विनोद होता. उरलेला अर्धा महेश कोठारे यांनी 1993 मध्ये ‘झपाटलेला’ काढून पुरा केला. पुढं बरोबर 20 वर्षांनी, 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ आला आणि मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजाही झाला. बाहुला तोच, दिग्दर्शक तोच, तात्याचा आवाज पुन्हा दिलीप प्रभावळकरांचा. तरी पहिल्याची सर त्याला आली नाही. मग घोडं अडलं कुठं? माझ्या मते ते चित्रपटाच्या नावातच अडलं. ‘झपाटलेला’ हे नाव बाहुल्याचं नाहीच. बाहुला झपाटणारा. झपाटलेला होता तो लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. दुसऱ्या भागात झपाटणारा वेळेवर हजर झाला, पण झपाटलेल्याची जागा रिकामी राहिली.

पहिला भाग म्हणजे आभाळातून पडलेली अस्सल कल्पना होती आणि दुसऱ्यानं ती बाटवली, असं मला म्हणायचं नाही. बाहुल्यात गुन्हेगाराचा आत्मा शिरतो हे सूत्र 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातलं. म्हणजे तात्याच्या आधी त्यातला चकी नावाचा बाहुला होता, आणि झपाटलेपण आपल्याकडं आलं तेच मुळी परदेशी पार्सलानं. पण चकी ज्याच्या मागं लागतो तो सहा वर्षांचा पोरगा आहे. पोरगा भ्यायला तर आपणही भितो, त्यात हसण्यासारखं काही नाही. मराठीत मात्र बाहुल्यासमोर उभा राहिला लग्नाच्या वयाचा, मिशा फुटलेला, शब्दभ्रमाचा नाद असलेला आणि आईच्या पदराखालून अजून पुरता बाहेर न पडलेला बाप्या. बाहुल्याला बोलतं करणं हा ज्याचा छंद, त्याचाच बाहुला एके दिवशी आपणहून बोलायला लागतो, हा दैवानं काढलेला चिमटा होता. शिवाय त्याचं कुणी खरं मानत नाही, उलट त्यालाच वेडा ठरवतात. भयपटाचा विनोदी चित्रपट झाला तो या एका बदलामुळं. उसनं आणलेलं विरजण होतं, पण दूध घरचं होतं, म्हणून दही लागलं.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचं भिणं ही स्वतंत्र कारागिरी होती. आधी डोळे बातमी आणायचे, मग आवाजाची पट्टी चढायची, मग गुडघे राजीनामा द्यायचे आणि तोंड मात्र शेवटपर्यंत ‘मी नाही घाबरलो’ अशा थाटात राहायचं. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला कितीही उत्तम असला तरी त्याच्या चेहऱ्यावर भाव किती येणार? डोळे फिरणार, जबडा हलणार. तो भयंकर आहे हे आपल्याला कळायचं ते लक्ष्याच्या चेहऱ्याकडं बघून. तात्याचा निम्मा अभिनय लक्ष्या करत होता, असं म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या भागात या एका माणसाच्या कामाची वाटणी झाली. बाहुला मागं लागतो लक्ष्याच्या मुलाच्या, म्हणजे आदिनाथ कोठारे यांच्या. हसवण्याचं खातं आलं मकरंद अनासपुरे यांच्याकडं. दोघंही आपापल्या जागी चोख. पण भीती एका अंगात आणि विनोद दुसऱ्या अंगात, अशी वाटणी झाली की भाऊबंदकीसारखं होतं. जमीन तेवढीच राहते, पण मधला बांध दोघांचंही पीक खातो. त्यातून आदिनाथ देखणे. देखणा माणूस घाबरला की तो आता उलटा ठोसा कधी मारतो याची आपण वाट बघतो. लक्ष्या घाबरला की आपण वाट बघायचो ती फक्त पुढच्या किंकाळीची.

थ्रीडीनं या दुखण्यावर उपाय केला तो असा, की बाहुला थेट आपल्या नाकापर्यंत आणला. तंत्र म्हणून कौतुक आहेच. पण विनोदाला अंतर लागतं. शेजाऱ्याच्या अंगणात पाय घसरला तर हसू येतं, आपल्या न्हाणीघरात घसरला तर आयोडेक्स. पहिल्या भागात तात्या लक्ष्याच्या अंगावर धावायचा आणि आपण खुर्चीत सुरक्षित बसून हसायचो. चष्मा चढवल्यावर तो आपल्याच अंगावर यायला लागला. झपाटलेल्याची रिकामी जागा प्रेक्षकानं भरावी, अशीच ही सोय, तीही तिकिटाचे पैसे घेऊन.

यावर रास्त आक्षेप येईल, की लक्ष्मीकांत 2004 च्या डिसेंबरात गेले, त्याला दिग्दर्शक काय करणार? काहीच नाही. दोष कुणाचाच नाही, पण दोष नाही म्हणून उणीव भरून निघते असंही नाही. दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: लहानपणी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलेल्या चित्रपटाशी कुठला नवा चित्रपट बरोबरी करणार? आठवण ही कुणाचंही कौतुक करणारी मावशीच. हे अर्धं मान्य. पण नुसत्या आठवणीनं भागत असतं, तर बाहुल्याची आठवण काय कमी होती? तोही जसाच्या तसा परत आला होता, तरी हुरहुर लागली ती लक्ष्याचीच. याच्या उलट ‘नवरा माझा नवसाचा’ पाहा. 2004 मध्ये गणपतीपुळ्याच्या एसटीत कंडक्टर असलेले अशोक सराफ 2024 च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वेचे टीसी होऊन आले. बस गेली, रेल्वे आली, खाकी जाऊन काळा कोट आला, पण कोटातला माणूस तोच. बाकी चित्रपटाबद्दल मतभेद असोत, तिकीट मात्र ओळखीच्याच हातानं तपासलं.

गंमत म्हणजे लक्ष्याच्या जागी दुसरा कुणी चालेल का, याचा निकाल पहिल्या ‘झपाटलेला’नं 20 वर्षं आधीच देऊन ठेवला होता. तात्याकडं मृत्युंजय मंत्र आहे, तरी तो वाटेल त्या शरीरात शिरू शकत नाही. ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात, म्हणजे लक्ष्याच्याच, त्याला जागा आहे. दुसऱ्या भागानं हा नियम वारसाहक्कानं मुलाला लावून पाहिला. पण सातबाऱ्यावर वारसाची नोंद होते, किंकाळीची होत नाही. ‘झपाटलेला 2’ हा तात्या विंचूचा बरा चित्रपट आहे. ‘झपाटलेला’ मात्र एकच आहे, 1993 चा.