नव्याण्णव पॉइंट चार

हा गृहस्थ महाराष्ट्रात कुठेही सापडतो, पण बाणेर-वाकडकडच्या सोसायट्यांत पावसाळ्यात जरा जास्तच. वय तिशी-पस्तिशीचं, नोकरी हिंजवडीत, पोर दीड-दोन वर्षांचं आणि नुकतंच पाळणाघरात जायला लागलेलं. एरवी माणूस अगदी सज्जन. पोराचं नाक वाहू लागलं, की मात्र त्याच्यातला प्रोजेक्ट मॅनेजर जागा होतो. लिफ्टमध्ये कुणी ‘कसं आहे बाळ?’ असं विचारलं, तर तो ‘बरं आहे’ म्हणत नाही. ‘नव्याण्णव पॉइंट चार’ म्हणतो. आपणही त्याला पॉइंट चारच म्हणू.

पॉइंट चारच्या घरी तीन थर्मामीटर असतात. एक काखेत लावायचा, दुसरी करोनात घेतलेली कपाळावर रोखायची बंदूक आणि तिसरा कानात घालायचा, जर्मनीतल्या भावाने आणलेला. तिघांचं एकमत कधीच होत नाही. काखेतला आकडा थोडा कमी येतो हे त्याने वाचलेलं असतं, म्हणून तो त्यात स्वतःच्या अधिकारात अर्धा अंश मिळवतो. बंदुकीचा भरवसा नाही, म्हणून ती तीनदा रोखून सरासरी काढतो. कानातला सेल्सिअसमध्ये बोलतो, म्हणून नऊ पंचमांशाने गुणून बत्तीस मिळवतो. एवढं होईतो ताप तरी उतरलेला असतो, नाहीतर पोराने बंदूक पळवलेली असते.

हे सगळं एक्सेलमध्ये चढतं. वेळ, ताप, दूध, शू, शी आणि शेरा. शेऱ्यात ‘चिडचिड (मध्यम)’ असं लिहिलेलं असतं. चिडचिड पोराची की बायकोची, हे विचारायची सोय नाही. रात्री याचा रंगीत आलेख नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. धुळ्याची आत्या त्याला हात जोडते, काका अंगठा दाखवतात आणि एक मावशी चुकून ‘अभिनंदन’ लिहिते.

त्याचा खरा सामना घरातच असतो, आईशी. आजी साताऱ्याहून येताना वेखंड, सुंठ, जायफळ आणि ओवा-कापराची पुरचुंडी घेऊन येते. तिचा थर्मामीटर म्हणजे उलटा हात. तो पोराच्या मानेला लागला, की निकाल जाहीर: “अंग कढत आहे.” मग कानटोपी, स्वेटर, वर गोधडी. आजी घालते, बाप काढतो. पोराला हा नवीनच खेळ वाटतो आणि ते आपणहून हात वर करू लागतं.

“आई, कापूर लांब ठेव. लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात.”

“तुला कापूर लावूनच वाढवलाय.”

“ते दिसतंच आहे,” स्वयंपाकघरातून सूनबाई.

कापराच्या बाबतीत बाप बरोबर असतो. शेजारचे काका नातवाची उरलेली खोकल्याची बाटली घेऊन येतात, ती दारातूनच परत पाठवतो तेव्हाही. छिंदवाड्यात २०२५ मध्ये विषारी कफ सिरपने चिमुकली मुलं दगावली. त्यानंतर, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका, असं केंद्र सरकारनेही बजावलं. पण रात्री दोनच्या रीडिंगसाठी गाढ झोपलेल्या पोराला उठवायला तो निघतो, तेव्हा आजी दारात आडवी उभी राहते. “मेल्या, झोपलंय ते. त्याला झोपू दे आणि तूही झोप!” हा सामना आजीचा.

डॉक्टरांना फोन साडेअकराचा. ते त्याला आवाजावरूनच ओळखतात.

“डॉक्टर, नव्याण्णव पॉइंट चार.”

“अहो, हा ताप नव्हे. शंभर पॉइंट चारपासून पुढे ताप म्हणायचा.”

म्हणजे पॉइंट चार बरोबर होतं, अलीकडचा आकडा तेवढा चुकला.

“पण दुपारी एकशे एक पॉइंट तीन होता. अँटिबायोटिक सुरू करू या का?”

“व्हायरसच्या सर्दीला त्याचा उपयोग नाही. खेळतोय का?”

“हो. थर्मामीटर फेकून खेळतोय.”

“मग पाणी, दूध, पातळ वरण-भात द्या. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब घाला. आणि पाळणाघरातल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या व्हायच्याच.”

पॉइंट चार लगेच भागाकार करतो, साडेसहा आठवड्यांना एक. पुढची गणपतीत येते. तो कॅलेंडरला लावून टाकतो.

“श्वास कसा आहे?” डॉक्टर विचारतात.

इथे मात्र शांतता. एक्सेलमध्ये श्वासाचा रकानाच नसतो. आजी पलीकडून म्हणते, “पोट संथ हलतंय, बरगड्या आत ओढत नाहीये. मघापासून बघत्येय मी.”

पण या माणसाला हसून मोकळं होऊ नका. त्याच्या दशांश चिन्हाची खरी किंमत औषधाच्या वेळी कळते. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची बाटली मिळते, २५० ची मिळते आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलीतच १०० असतात. अशा वेळी ‘एक चमचा’ या मापाला काही अर्थ उरत नाही. अकरा किलोच्या पोराला २५० च्या बाटलीतून ३.३ मिलीपेक्षा जास्त द्यायचं नाही, हे सिरिंज डोळ्यासमोर धरून मोजणारा घरात तोच एक. संध्याकाळी सहाला पोराच्या आईने डोस दिलेला असतो. सातला आजी पुन्हा बाटली उघडते, तेव्हा “थांब, दहाच्या आत नाही!” असं ओरडणाराही तोच.

तेव्हा तुमच्या घरात असा पॉइंट चार असेल, तर औषधाची वही त्याच्या हातात द्या आणि दोन थर्मामीटर माळ्यावर टाका. मोजायची फारच हौस असेल, तर पोर शांत असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजायला बसवा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, बरगड्या आत जात असल्या, पोर पाणी घेईना किंवा मलूल पडून राहिलं, झटका आला, तर एक्सेल न उघडता थेट डॉक्टर गाठा. बाकी सर्दी आपली आपण जाते, आलेख काढा अगर काढू नका.