धानाचे चुकारे आणि सीझनचं तिकीट

शनिवारची रात्र, साडेआठ वाजलेले. लाखनीला बहिणीकडे गेलो होतो. अंगणात धानाची पोती थप्पी मारून ठेवलेली, कारण खरेदी केंद्रावर काट्याचा नंबर अजून लागायचा होता. त्या थप्पीवर भाचा पाय सोडून बसलेला. अंगात लाल जर्सी, सीताबर्डीच्या फुटपाथवरची. पहिल्याच धुण्यात पाठीवरच्या नावातलं एक अक्षर गळालेलं. नाक मोबाईलला टेकलेलं.

"काय पाहून रायला गा?"

"मॅच, मामाजी."

"कोनाची?"

त्याने दोन नावं सांगितली. एक ऐकल्यासारखं वाटलं, दुसरं बंद पडलेल्या कापडगिरणीसारखं. मी पुढे काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "आन सांगू का, हे मॅच खुद्द इंग्लंडात कोनाच्याच टीव्हीवर नाई. आपल्या लाखनीत हाये."

पोरगं मामाची फिरकी घेतंय असं वाटलं. चौकशी केली तर निघालं खरं. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. तिकडचे दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. म्हणजे मैदानापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा, पण तिकीट न मिळालेला गडी रेडिओला कान लावून बसतो. आणि इकडे धानाच्या पोत्यावर बसलेल्या आमच्या पोराला चेंडू दिसतो, गवत दिसतं, प्रशिक्षकाच्या तोंडातलं च्युइंगमसुद्धा दिसतं.

या बंदीमागचा मोठा माणूस म्हणजे बॉब लॉर्ड. बर्नली नावाच्या गिरणीगावच्या क्लबचा अध्यक्ष, आणि धंद्याने मटणवाला. 1960 च्या दशकात त्याने लीगला पटवलं की मोठ्या संघाचा खेळ शनिवारी दुपारी घरबसल्या दिसू लागला, तर छोट्या संघाच्या मैदानावर काळं कुत्रं फिरकणार नाही. शिजलेलं मटण घरपोच फुकट मिळालं तर दुकानाची पायरी कोण चढणार? हिशेब साधा होता. गंमत अशी की तेव्हा टीव्हीची ताकद फारशी नव्हतीच. बीबीसीचा 'मॅच ऑफ द डे' 22 ऑगस्ट 1964 ला लिव्हरपूलच्या मैदानावरून सुरू झाला, तेव्हा मैदानात जेवढी माणसं होती त्याच्या निम्मीसुद्धा टीव्हीपुढे नव्हती. मांजर पाहून नागझिऱ्याचा वाघ आला म्हणून ओरडण्यातला प्रकार.

पण मांजर वाढलं. 1992 साली प्रीमियर लीग निघाली आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे 30 कोटी 40 लाख पौंड ठरले. आताचा करार चार वर्षांचा आहे, 670 कोटी पौंडांचा, आणि तोही फक्त त्यांच्या देशापुरता. आमच्या भाच्याच्या मोबाईलचे पैसे वेगळे.

मला भाबडेपणाने वाटलं, टीव्हीने एवढे पैसे ओतले म्हणजे तिकीट स्वस्त झालं असेल. कारखान्याला ऊस भरपूर आला की साखर स्वस्त होते, अशी माझी समजूत. (तीही चूकच आहे म्हणा.) तिकीट वाढतच गेलं. आणि सगळ्यात अजब प्रकार म्हणजे सीझनचं तिकीट. संघाचे वर्षाला अडतीस सामने, त्यातले एकोणीस घरच्या मैदानावर. त्या एकोणिसांचे पैसे उन्हाळ्यातच, चेंडूला पाय लागायच्या आधी भरायचे. संघात कोण राहील माहीत नाही. कोण विकला जाईल माहीत नाही. सामना शनिवारी आहे म्हणून कामावरून सुट्टी घ्यावी, तर टीव्हीवाले तो उचलून सोमवारी रात्री ठेवतात, म्हणजे परतीची गाडी चुकणार. तरी माणसं भरतात. वर पुढच्या वर्षी ती जागा हातची जाऊ नये म्हणून पुन्हा भरतात. काही ठिकाणी प्रतीक्षा यादी इतकी लांब की बाप नाव घालतो आणि पोरगा खुर्चीवर बसतो.

हे मी भाऊजींना सांगितलं. भाऊजी हाडाचे शेतकरी. त्यांनी सुपारी फोडता फोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पैसे आधी देते आन माल मंग पायते?"

"हो."

"आमी माल आधी देतो आन पैसे मंग पायतो. दोगंबी एकच."

त्यानंतर मला काही बोलता आलं नाही. धान केंद्रावर घालायचा, पावती घडी करून खिशात ठेवायची आणि मग चुकाऱ्याची वाट पाहायची. बोनसची घोषणा नागपूरच्या अधिवेशनात ऐकायची, खात्यावर कधी येतो ते बँकेच्या पासबुकात शोधायचं. सीझनचं तिकीट भंडारा जिल्ह्यात आधीपासूनच चालू आहे. फक्त इथे खुर्चीवर सरकार बसतं आणि उधारीवर आम्ही खेळतो.

शनिवारच्या त्या टीव्हीबंदीला तिकडे 'ब्लॅकआउट' म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा तर भाऊजी खो खो हसले. उन्हाळी धान लावलेल्या माणसाला ब्लॅकआउट शिकवायला इंग्लंडहून कोणी यायची गरज नाही. रात्री दोनला मोटर चालू करायला उठणारा गडी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेचा हिशेब बोटावर सांगतो. आणि आमच्या लाखनीच्या शंकरपटाने तर ब्लॅकआउट सात वर्षं भोगला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 ला बैलांच्या शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी दिली. त्या सात वर्षांत पटाच्या जोड्या गोठ्यात उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या. त्यांना टीव्हीसुद्धा नव्हता.

असो. इंग्लंडच्या माणसाबद्दल एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. 6 फेब्रुवारी 2016. लिव्हरपूलने जाहीर केलं होतं की पुढल्या हंगामात नव्या गॅलरीतलं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं असेल. सुंदरलँडशी सामना चालू होता, लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे. सत्याहत्तरावं मिनिट लागलं आणि हजारो माणसं उठून चालती झाली. घोषणा नाही, दगड नाही, सरळ पाठ. मैदान अर्धवट रिकामं होताच संघाचंही अवसान गळालं आणि उरल्या वेळात सुंदरलँडने दोन गोल मारून बरोबरी केली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी बाहेरगावच्या संघामागे जाणाऱ्या प्रेक्षकांचं तिकीट 30 पौंडांच्या वर न्यायचं नाही, असं सगळ्या क्लबांनी ठरवलं. याला आमच्याकडे हमीभाव म्हणतात. फरक एवढाच की तिकडे तो मिळतो.

मालक इतक्या लवकर का नमले? माणसांची दया आली म्हणून? छे. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या म्हणून. त्याची खरी फोड 2020 मध्ये झाली. कोरोनात प्रेक्षक बंद, सामने चालू. टीव्हीवर खेळ लावला तर खेळाडूंचे एकमेकांना घातलेले शब्द ऐकू यायचे आणि बाकी स्मशानशांतता. शेवटी टीव्हीवाल्यांनी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. तेव्हा कळलं की मैदानातला प्रेक्षक हा प्रेक्षक नाहीच, तो नेपथ्य आहे. आमच्या झाडीपट्टीत नाटकातल्या दरबारात भाला धरून उभ्या राहणाऱ्या पोरालाही मंडळी काहीतरी देतात, निदान जेवण तरी देतात. जगातल्या सगळ्यात महागड्या मालिकेत मात्र भाला धरणारा स्वतःच पैसे भरून उभा राहतो, आणि भाल्याचे वेगळे.

आपण तरी कुठे मागे आहोत. डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी कोलकात्याला आला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली आणि सॉल्ट लेक मैदानात मंत्री, पुढारी आणि त्यांचे मोबाईल यांच्या गराड्यामागे मेस्सी आहे असं त्यांना सांगण्यात आलं. वीसेक मिनिटांत तो निघूनही गेला. मग खुर्च्या उडाल्या, बाटल्या उडाल्या, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, आयोजकाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी तोच मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला. आमच्या भाच्याने दोन्ही दिवस पोत्यावर बसून पाहिलं, फुकटात, आणि त्याला पुढाऱ्यांच्या मधूनसुद्धा मेस्सीचा पाय दिसला. तरी तो काय म्हणाला माहीत आहे? "मामाजी, तिथं रायलो असतो तं मजा आली असती." खुर्ची डोक्यात पडली असती हे सांगून काय उपयोग. पोराला आवाज हवा होता. मोबाईलमध्ये तो बारीक येतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या बैठकीला गेलो, ही माझी चूक. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्यांकडे जाऊन मंडळ नाटक ठरवतं, तारीख पटाला किंवा मंडईला जोडून घेतं. दिवसा पट, रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा आणि पहाटे कोंबड्याच्या आधी शेवट. या रंगभूमीसाठी गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पडदा अजूनही दहाच्या पुढेच उघडतो.

मी इंग्लंडचा अनुभव मांडला आणि सचिवांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आधीच ओळखायला हवी होती. त्यांनी तिथल्या तिथे वहीत लिहायला घेतलं. सीझनचं तिकीट काढायचं, पैसे रोवणीच्या आधी घ्यायचे. नाटक कोणतं ते सांगायचं नाही. गर्दी वाढली की तिकीट वाढवायचं. (2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने असंच केलं. सुरुवातीला जाहीर झालेले दर 60 डॉलरपासून ते अंतिम सामन्याच्या 6,730 डॉलरपर्यंत, आणि तेही मागणीप्रमाणे हलणारे. आमच्या मंडईतला जिलेबीवाला शेवटच्या दिवशी नेमकं हेच करतो. त्याला गाव जो शब्द वापरतं तो छापता येत नाही.) नाटकाच्या रात्री गावातले टीव्ही बंद ठेवायचे. मोबाईलवर नाटक चित्रित करणाऱ्याला मंडपाबाहेर काढायचं. यूट्यूबवर झाडीपट्टीची नाटकं ढिगाने पडली आहेत, त्याचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत.

एक म्हातारे आजोबा कोपऱ्यात विडी ओढत बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पाव्हन्याचं तिकीट कोन काढल?"

वही मिटली. कारण इथेच सगळ्या दुनियेचं अर्थशास्त्र अडकतं. आमच्याकडे नाटकाचं तिकीट माणूस स्वतःसाठी काढतच नाही. लेक-जावई येतात, व्याही येतात, साल्याचा साला येतो, पोरगी पाहायला म्हणून चार माणसं मुद्दाम त्याच दिवशी येतात. संध्याकाळी भात, वरण आणि बेसनाची भाजी, किंवा ज्याच्या घरी चालतं त्याच्याकडे कोंबडा. मग घरधनी सगळ्यांची तिकिटं काढतो. व्याह्यांना खुर्ची, घरच्या पोरांना जमिनीवर तनसीची बैठक. पाहुण्याला खुर्ची दिली नाही तर ठरलेली सोयरीक मोडू शकते. घरच्यांना खुर्ची दिली तर पाहुण्यांना जागा उरत नाही. पाहुण्याकडून रोवणीच्या आधी पैसे मागायचे? मागून तर बघा.

आणि टीव्हीचं म्हणाल तर आमच्या बायका आठ ते दहाच्या मालिका पुऱ्या बघून मग शाल घेऊन नाटकाला निघतात. टीव्हीने नाटक मारलं नाही, नाटकाची वेळ तेवढी ठरवून दिली. गाणं आवडलं की मंडप 'वन्समोअर' ओरडतो आणि पेटी पुन्हा धरली जाते. भाच्याच्या मोबाईलमध्येही गोल तीन-तीनदा दाखवतात, पण तो वन्समोअर कुठल्या तरी खोलीत बसलेला माणूस देतो. आमच्याकडे मागणारा मागतो. एकदा तर खलनायकाच्या मरण्यालाच वन्समोअर मिळाला, आणि तो बिचारा उठून, कपडे झटकून, पुन्हा मेला.

बैठकीत शेवटी एवढंच ठरलं: तिकीट गेल्या वर्षीचंच, टीव्हीबंदी रद्द. सचिव माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

भाच्याला मी नाटकाला येतोस का विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी मॅच आहे. मग जरा थांबून म्हणाला, साडेआठची आहे, साडेदहापर्यंत सुटते, मंग येतो. त्याच्या आईने बजावलं, लाल बनियन घालून येऊ नको, मुलीकडचे येणार आहेत.

तेव्हा वाचकहो, या हंगामात आमच्या भागात कुठे पाहुणे म्हणून आलात तर खुर्चीवर बिनधास्त बसा, तिकीट घरधन्याने काढलेलं असतं. फक्त त्याला धानाचे चुकारे आले का, हे जेवताना विचारू नका.