विक्रेता नावाची स्थावर मालमत्ता

रायगडच्या किनाऱ्यावर जुने घर विकत घ्यायचे, तर घराच्या आधी विक्रेता पाहून घ्यावा लागतो. तो सहसा वाडीतल्या कौलारू घराचा मालक असतो. पुढे ओटा, आत पडवी आणि माजघर, मागीलदारी विहीर, भोवती नारळ-पोफळी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने असे गृहीत धरले आहे की, विकणाऱ्याला विकायचे असते. कलम 55 सगळे त्याच भरवशावर उभे आहे: विक्रेत्याने जागेतले आणि हक्कातले छुपे दोष सांगावेत, कागद दाखवावेत, विचारलेल्या प्रश्नांची ठाऊक असेल तेवढी उत्तरे द्यावीत. नागाव-चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यातल्या विक्रेत्याला बरेचदा घर विकायचे नसतेच. घराला किती येतील, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते, आणि ते सांगायला मुंबईहून कोणी फुकट येत असेल तर चहा पाजायला त्याची ना नसते.

भाव तो स्वतः कधीच सांगत नाही. “तुम्हीच सांगा, तुम्ही काय परके आहात?” खरेदीदाराने आकडा सांगितला की विक्रेता झोपाळ्याला पायाने हलका रेटा देतो आणि पोफळीच्या शेंड्याकडे पाहत म्हणतो, “मागच्या महिन्यात एक पार्टी येऊन गेली.” ही पार्टी आजवर कोणी पाहिलेली नाही. ती नेहमी रोखीवाली असते, तिला कागद बघायचे नसतात, आणि तिला नकार दिला गेला तो केवळ तिची माणसे विक्रेत्याला बरी वाटली नाहीत म्हणून. रोखीचा विषय इथेच संपवावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याने 2015 पासून बंदी आहे, आणि ही गोष्ट विक्रेत्याला त्याच्या मुलाने सांगितलेली असते.

कलम 55 मध्ये एक गमतीचे पोटकलम आहे. विक्रेत्याच्या हक्काची किंमत वाढवणारी एखादी गोष्ट खरेदीदाराला ठाऊक असेल आणि विक्रेत्याला नसेल, तर ती खरेदीदाराने सांगितली पाहिजे. या किनाऱ्यावर त्याचा उपयोग करण्याची वेळ क्वचितच येत असेल. मांडव्याची रो-रो 2020 मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये उघडला. विक्रेत्याने दोन्ही त्याआधीच भावात धरलेली होती. रेवस-करंजा पुलाची चर्चा बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे आणि तो पूलही विक्रेता तेव्हापासून विकतो आहे.

समुद्राचे अंतर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. भाव चालू असताना समुद्र मागच्या दारी असतो, रात्री गाज ऐकू येते, सकाळी अनवाणी चालत जाता येते. खरेदीदाराने सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, विषय काढला की तोच समुद्र रिक्षाने जावे लागेल इतका लांब सरकतो. 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आणले. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा पुढेमागे होते. विक्रेत्याचा समुद्र एका बैठकीत होतो.

घराची पडझड सांगतानाही त्याचे मोजमाप वेगळे असते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. “आमची नुसती चार कौलं गेली” असे सांगणारा विक्रेता बोलतो त्याच ओट्यावर अर्धे छप्पर निळ्या पत्र्याचे असते.

खरी अडचण सातबाऱ्यावर सुरू होते, कारण किनाऱ्यावरचा विक्रेता दोन्ही अर्थांनी एकवचनी नसतो. ओट्यावर बोलतो तो एक; उताऱ्यावर नावे नऊ. त्यातले तिघे वारलेले, त्यांची वारसनोंद राहिलेली, एक बडोद्याला आणि एक कोणाशीच बोलत नाही. जुने खरेदीखत ‘जिल्हा कुलाबा’ असे सांगते, म्हणजे ते 1981 च्या आधीचे. त्यानंतर घरात कागदाला कोणी हात लावलेला नाही. “आत्याचं काही नाही, ती आमच्या शब्दाबाहेर नाही,” असे विक्रेता सांगतो. पूर्वी आत्या खरेच शब्दाबाहेर नसत. साडीचोळी आणि माहेरपणाच्या बोलीवर हक्कसोडपत्रावर सही होई, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नसे, हेच त्यातले वावगे. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची अटही लागत नाही असे सांगितले. डोंबिवलीच्या आत्याने ही बातमी कापून ठेवलेली असते. ती फोनवर गोड बोलते, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी करते आणि शेवटी विचारते, “गुंठ्याला काय भाव म्हणालात?”

‘इतर अधिकार’ या रकान्यात कधी कुळाचे नाव निघते. “ते नुसतं नाव आहे,” विक्रेता म्हणतो. ज्या तालुक्यातल्या चरी गावात खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप करून शेते ओस ठेवली, तिथे कूळ नुसते नाव म्हणून सोडून देणारा वकील मिळत नाही. त्यात भोवतीची वाडी शेतजमीन म्हणून नोंदलेली असली, तर खरेदीदाराकडे शेतकरी असल्याचा दाखला हवा. तो आहे का, हे विक्रेता चौथ्या बैठकीला विचारतो.

एवढे सगळे जमले, की झोपाळा येतो. घराबरोबर काय काय जाते याची यादी कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे: कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी असलेल्या इतर वस्तू. झोपाळ्याचे नाव त्यात नाही. कड्या तुळईत ठोकलेल्या, म्हणून त्या घराच्या. फळी आजोबांची, म्हणून ती आमची, असा निवाडा विक्रेता देतो. पुढे विहिरीचा रहाट, जाते आणि देवघराची चौकट येते. झाडावरच्या नारळांवरून व्यवहार मोडायला आला, तर पुढचा पाडा विक्रेत्याला लिहून द्यावा. लाखांच्या बोलीत शे-दोनशे नारळ स्वस्त पडतात.

दस्तावर सह्या झाल्या, की चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करावा लागतो. या काळात विक्रेत्याकडे पितृपंधरवडा, सुतक, अमावास्या आणि पेरणी हे सर्व होऊन जाते. अखेर एकदाचा तो दुय्यम निबंधकाच्या यंत्रावर अंगठा ठेवतो. सुपाऱ्या सोलून रेघा पुसट झालेला अंगठा पहिल्या खेपेला उमटत नाही, तेव्हा तो आशेने इकडेतिकडे पाहतो.

यानंतर तलाठी फेरफार धरतो आणि हितसंबंधितांना नोटिसा काढतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. चौदाव्या दिवशी बडोद्याचा चुलतभाऊ हरकत घेतो. नोंद वादग्रस्त म्हणून मंडळ अधिकाऱ्याकडे जाते, तिथून अपिलात अलिबागला प्रांतांकडे. तिथे तारखेला विक्रेता आणि खरेदीदार पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहतात, आणि विक्रेता साहेबांना ठणकावून सांगतो की घर त्याने केव्हाच विकले आहे.