हिशेब, मजुरी सोडून

पेण-रोह्याकडे दहावीचा निकाल लागला की मुलाच्या टक्क्यांपेक्षा कंपन्यांचीच चर्चा जास्त होते. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल, धाटावची एमआयडीसी, एवढं सगळं दाराशी असताना पोराला बीएला कशाला घालायचं, असं म्हणणारा एक मामा घरोघरी असतो. आमच्या घरात तो मी. त्यामुळे भाच्याला आयटीआयला घालायचं ठरू लागलं तेव्हा रोह्याच्या ताईनं मला सल्ल्यासाठी पेणहून बोलावून घेतलं.

सल्ला कुणी विचारला नाही. हिशेब ताईनंच मांडला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. त्यांच्यानंतर गावातलं अर्थशास्त्र आपल्याच स्वयंपाकघरात तगून आहे, असं भावोजींना वाटतं. ते हे ताई बाहेर गेली की बोलतात. ताईचं म्हणणं असं की सरकारी आयटीआयची फी किरकोळ. खरा खर्च बॉयलर सूट, सेफ्टी शूज, एसटीचा पास आणि वडापाव. वेल्डर एका वर्षात सुटतो, फिटरला दोन वर्षं. आता जमेची बाजू. राज्य सरकारनं 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा दरमहा विद्यावेतन ठरवलं ते बारावीवाल्याला 6,000, आयटीआयवाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये. "म्हणजे दहावीनंतर दोन वर्षांत आठ हजार आणि पाच वर्षांत दहा," ताई म्हणाली. "वरच्या तीन वर्षांची किंमत सरकारनंच दोन हजार लावली." भावोजी बीए आहेत. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

भाचा फिटर ट्रेडला लागला. सुरुवातीला त्याला एक लोखंडाचा तुकडा आणि एक कानस दिली, आणि सांगितलं, घास. गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फट दिसली की पुन्हा घास. पोरगं घरी यायचं ते हाताला फोड घेऊन आणि डोळ्यांत संशय घेऊन. पेणला आला की गुण्या घेऊनच यायचा. आमच्या घरातली एकही चौकट काटकोनात नाही हे त्यानंच शोधून काढलं. तोवर आम्ही तिथे सुखानं राहत होतो. पुढे 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्निअर शिकला आणि आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, पोह्याच्या पापडांची जाडी मोजायला बसला. सगळे पापड एका मापाचे निघाले. त्यानं महिनाभर कानसलेली पट्टी निघाली नाही. आजीकडे कसलंच सर्टिफिकेट नाही.

सर्टिफिकेट मिळालं तेव्हा ताईनं ते देवापुढे ठेवून पेढे वाटले. मग अप्रेंटिसशिप. इथे ताईच्या हिशेबाला पहिली गळती लागली. 1961 च्या कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. ग्रीसला हे माहीत नसतं, ते दोघांच्या हाताला सारखंच लागतं. त्यानंतर कंपनीच्या गेटातून आत जायला मिळालं, पण कंत्राटदाराचा पास गळ्यात अडकवून. शटडाउनच्या दिवसांत बारा-बारा तास काम, आणि शटडाउन संपला की "फोन करतो". रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात; फिटर मात्र गेटवर रांगेतच उभा राहतो. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात तोही मुलाच्या स्वभावाचा नसतो, "पर्मनंट का?" असा असतो.

काम नसतं अशातलाही भाग नाही. आमच्याकडे देखभालीला तोटाच नाही. पळस्पे-इंदापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. त्यानंतर दोन-दोन वर्षांच्या फिटरच्या किती तुकड्या घासून-पुसून बाहेर पडल्या. रस्ता अजून घासणंच चालू आहे.

भाच्याच्या शिक्षणाचा खरा परतावा घेतला तो नातेवाइकांनी. "घरचाच मुलगा आहे" हे वाक्य ऐकलं की त्याचा रविवार गेलाच म्हणून समजा. आमच्या विहिरीवरचा जुना पंप ठिबकतो म्हणून आईनं त्याला रोह्याहून बोलावलं. त्यानं पाना लावला, कान लावला, बेअरिंगचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "आजी, ग्लँडमधून थोडं ठिबकलंच पाहिजे. पार आवळली तर पॅकिंग जळेल, शाफ्टही खराब होईल." आई म्हणाली, "दोन वर्षं शिकून गळणारा पंप गळूच दे म्हणतोस?" त्यानं मुकाट्यानं बेअरिंग मात्र बदललं. गावातल्या मिस्त्रीनं त्याच कामाचे पैसे मोजून घेतले असते आणि वर ग्लँड आवळून शाफ्टची वाट लावली असती. आईनं भाच्याला बेअरिंगचे पैसे दिले. मजुरी म्हणून चहा आणि पापड.

ताईच्या वहीत फी आहे, बुटांचे पैसे आहेत, पास आहे. आमच्याकडे वाया गेलेल्या रविवारांचा रकाना नाही. सर्टिफिकेटवर किती खर्च केला आणि ते किती मिळवून देतं, याची चौकशी करणारे सगळे आम्हीच. आणि त्याच्या हाताचं मोल शून्य धरणारेही आम्हीच. कंत्राटदार निदान उशिरा का होईना, काहीतरी देतो.

तेव्हा पेणपासून रोह्यापर्यंतच्या समस्त काका, आत्या, मावश्यांना विनंती आहे: भाच्याला बोलवा, पंप दाखवा, पण मजुरी आधी ठरवा. चहा त्यात धरू नका. आणि मिक्सर आणू नका. तो इलेक्ट्रिशियनचा ट्रेड आहे.