सोलापुरी खाक्या

सोलापूरचा माणूस तोंडानं फटकळ. समोर कुणीही येवो, आधी "काय बे" म्हणून त्याची खरडपट्टी काढायची आणि मग शेंगाचटणी-भाकरीला बसवायचं, ही आमची रीत. पण फोनवरून कुणी हिंदीत "मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ" म्हणालं, की हाच गडी खुर्चीतून उठतो, बनियनवर शर्ट चढवतो आणि "जी सर, जी सर" सुरू करतो. चादरीच्या गावातला हा एक कच्चा धागा सायबर चोरांनी बरोबर हेरलाय.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांचंच बघा. निम्म्या पेठेला त्यांनी ओणवं उभं केलेलं. एके सकाळी त्यांनाच 'डिजिटल अरेस्ट' झाली. व्हिडिओ कॉलवर खाकीतला साहेब, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणे. मास्तर कॅमेऱ्यासमोर ताठ बसून होते आणि मोरीकडे जायला करंगळी वर करून परवानगी मागत होते. तेवढ्यात काकू पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या. "अटक करायचीय? मग या की घरी. च्या टाकते." साहेब गडप! आपल्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओवरून अटक करायची सोय नाही, हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त पाहुणा दारात यावा एवढंच वाटत होतं.

ऑफिसात तऱ्हा वेगळी. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात 'पासवर्ड अवघड ठेवा' असा फतवा निघाला, तेव्हा सगळ्यांनी भक्तिभावानं सिद्धेश्वरांचं नाव घेतलं आणि पुढं ६८ लावलं. सिद्धेश्वर महाराजांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मग चोराला का नसावं? एकानं त्याला चकवायला ६७ केलं. तेही चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवलं.

आम्हीच काय, बँकाही फसतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. चोरांच्या मालवेअरनं एटीएमच्या यंत्रणेत मधेच ठाण मांडलं. पैसे द्यायचे का, हा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जायचाच नाही. मालवेअर परस्पर 'द्या' म्हणायचं. नकली कार्डांनी २८ देशांत पैसे निघाले, वर हाँगकाँगच्या खात्यातही रक्कम गेली. सगळं मिळून ९४ कोटींहून जास्त. बातमी वाचून आमचे दिवाणजी म्हणाले, "तिकडं मशीन न विचारता हो म्हणालं. आपल्याकडं माणसंच म्हणतात."

दिवाणजी स्वतः त्यातले नव्हेत. सुताच्या व्यापाऱ्याचा मेल आला : आमचं बँक खातं बदललंय, पुढची रक्कम नव्या खात्यात भरा. मालक भरायला निघाले होते. दिवाणजींनी जुन्या वहीतला नंबर काढून व्यापाऱ्याला थेट फोन लावला. आधी पाऊसपाणी, मग त्याच्या मुलीचं स्थळ, मग गुडघेदुखी. मालक घड्याळ बघून कातावले. शेवटी सहज विचारल्यासारखं, "खातं बदललं काय हो?" बदललं नव्हतं. मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. कार्यक्षमतेचे सगळे नियम मोडून झालेला हा आमच्या ऑफिसातला सर्वांत फायद्याचा फोन.

घरी माझी आत्या तर दिवाणजींच्याही वरची. 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर बोला' असा मेसेज आला. तिनं फोन लावला आणि म्हणाली, "वायरमन आमच्याच बोळात राहतो. थांब, त्यालाच देते." लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल आली, तर तिचा सवाल : अक्षता द्यायला माणूस का नाही आला? ती उघडणं तिच्या मानपानात बसत नाही. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही, हे मात्र मला तीनदा समजावावं लागलं. तिचं म्हणणं, पैसे देणारा कधी काही मागतो का? म्हणजे तिला आधीच कळलं होतं.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर चारचौघांत लाज वाटेल म्हणून बसून राहू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे चोराच्या खात्यातून पुढं सरकायच्या आत गोठवता येतात, उशीर झाला की नाही. आणि हेड ऑफिसवाल्या साहेबाचा फोन कापताना "ठेवू का?" असं विचारू नका.