संधी मिळाली तर बसा

चाकणच्या एका कारखान्यात नुकताच 'फाइव्ह एस' पार पडला. (नाव विचारू नका, त्यांच्या सुरक्षा सप्ताहाच्या बॅनरला वाईट वाटेल.) ही जपानहून आलेली शिस्त. लाईनवरची बिनकामाची वस्तू हुडकायची आणि तिला लाल चिठ्ठी डकवायची. पहिली चिठ्ठी लागली प्रेसशेजारच्या स्टुलाला. लोखंडी स्टूल, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. साहेबांनी विचारलं, "याचा प्रॉडक्शनशी संबंध काय?" कुणालाच सांगता येईना. स्टूल भंगारात गेलं.

वास्तविक कायदा स्टुलाच्या बाजूचा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 44 म्हणायचं, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, म्हणजे कामाच्या ओघात विसाव्याची संधी मिळाली तर ती साधता येईल. आता संधीच मिळू दिली नाही, तर सोय कुणासाठी करायची? लाईनचा वेग कशासाठी असतो मग!

वजनाबाबतही आम्ही नियमात चोख. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली शिफारस केली, की पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोंहून जास्त असेल तर ती लवकरात लवकर 55 वर आणावी. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेचं सूत्र उत्तम परिस्थितीतही 23 किलोंच्या वर जात नाही. तिकडच्या पाठी नाजूक असाव्यात. आमचा नग तर अवघा चार किलोचा. पाळीत असे हजार नग, दर वेळी बिनमध्ये वाकून, कमरेत वळून उचलले की चार टन भरतात, हा हिशेब बरोबर आहे. पण एकदम कोण उचलायला सांगतंय? सुट्टे सुट्टेच उचलायचेत.

कंपनीला काळजी नाही असं मात्र म्हणू नका. 'एर्गोनॉमिक्स'वर खास व्याख्यान ठेवलं होतं. तज्ज्ञांनी एसी हॉलमध्ये स्लाइड दाखवल्या: मणका सरळ, कोपर काटकोनात, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत. टाळ्या झाल्या. महिन्याभरात ऑफिसात नव्या खुर्च्या आल्या. कमरेला टेकू, हाताला टेकू, मानेलाही टेकू. लाईनवाल्यांना पोस्टर मिळालं, 'ओझे उचलताना गुडघ्यात वाका.' ज्यांचे गुडघेच गेलेत त्यांनी कशात वाकायचं, याला पोस्टरवर जागा पुरली नाही.

कुणाची कंबर धरली की सुपरवायझर आधी चौकशी करतो, "गाडी खड्ड्यातून दामटतोस का रे? गादीवर झोपतोस की खाली?" दुखणं रस्त्याचं निघतं, गादीचं निघतं, फार तर वयाचं. मशीनचं कधीच निघत नाही. पंचविशीतला पोरगा शर्टाखाली पट्टा आवळतो, खांद्याला बाम चोळतो आणि पुन्हा उभा राहतो. ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता आहे, वर्षात 91 दिवसांपर्यंत, पगाराच्या 70 टक्के. पण कंत्राटी माणूस त्या वाटेला जात नाही. परत येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

शिवाय पुरावा कुठाय? त्या 1948 च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवायलाच हवेत अशा 29 रोगांची यादी होती. त्यात शिसं होतं, सिलिका होती, अ‍ॅस्बेस्टॉस होतं, गोंगाटाने गेलेले कानही होते. कंबर नव्हती, खांदा नव्हता, मनगट नव्हतं. म्हणून आमच्याकडून पाठदुखीचा एकही रुग्ण सरकारला कळवला गेलेला नाही. यात लबाडी काही नाही, सगळं कायद्यानुसार.

आणि कायदा काळाबरोबर चालतोच आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. सक्ती नाही हं. कामगाराची लेखी संमती लागणार. साहेबांनी तयारी आधीच करून ठेवली आहे. फॉर्म एचआरच्या टेबलावर आहेत, पेन दोरीला बांधलंय. सही उभ्याउभ्याच करायची, मागे रांग आहे.